घोडी आडमुठी नाही, तिची हाडं दुखताहेत

प्रश्न : आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. व्यापाऱ्यानं वय चार सांगितलं. घरी तीन म्हशी, दोन गाई. त्यांच्याच गोठ्यात तिला बांधतो. हंगामभर उसाचं वाढं खाल्लं, आता हत्तीगवत चालू आहे. दोन्ही वेळा दीड-दीड किलो गव्हाचा भुसा, ओंजळभर गोळी पेंड, उरलासुरला मुरघास. पोट भरतं, पण अंग धरत नाही. महिना झाला अडखळत चालते. कधी पुढचा डावा पाय धरते, कधी मागचा उजवा. नालबंद म्हणतो खुरात काही नाही. वैरण फार वेळ चघळते, घास गाळते. डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही अंगांना फुगल्यासारखं वाटतं. खोगीर आवळलं की कान मागं टाकून चावायला येते. गावातले म्हणतात आडमुठी आहे, काटेरी लगाम घाला. टेपनं मोजली, छातीचा घेर 160 सेंमी, लांबी 145 सेंमी. माझं वजन 82 किलो. घोडी खरं तर मुलीसाठी घेतली, तिचं 46. लगाम घालावा का, आणि मुलीनं बसावं का?
— एक पशुपालक, वाळवा तालुका

उत्तर : नमस्कार. काटेरी लगाम घालू नका. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो घालू नका, कारण ही घोडी आडमुठेपणा करत नाही. पाय बदलत लंगडणं, चावताना घास गाळणं, डोळ्यांखालची हाडं दोन्ही बाजूंनी सारखी फुगणं आणि खाऊनही अंग न धरणं, ही चार लक्षणं एकत्र आली की संशय हाडांतल्या कॅल्शियमवर जातो. तुम्ही जे खायला लिहिलं आहे त्यातून हाच आजार उभा राहतो. नक्की निदान डॉक्टर करतील. तोवर तिच्यावर कुणीच बसू नका, मुलगीही नको आणि तुम्ही तर नकोच.

सगळ्यात आधी गोळी पेंड बंद करा. आज, या वेळच्या खाण्यापासून. दुभत्या जनावरांच्या काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या मात्र हृदयाचे आणि अंगाचे स्नायू त्यानं मरतात. घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम एवढंही जीव घ्यायला पुरतं. म्हणजे तुमच्या घोडीला एक ग्रॅमही लागत नाही. घाम फुटतो, पोट दुखतं, मागचे पाय लटपटतात, आणि जगलीच तर हृदय कायमचं कमजोर राहतं. तुमच्या पोत्यात ते आहे की नाही हे लेबलावर लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून लेबल वाचत बसण्यापेक्षा पेंड तिच्या गव्हाणीतून कायमची काढा. कोंबडीखाद्यालाही हाच नियम. युरिया घातलेलं चाटण आणि युरियाची प्रक्रिया केलेला चाराही नको.

मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत आंबवलेला हिरवा चारा, तोही आजच थांबवा. पिशवीला भोक पडून आत हवा शिरली की बुरशी धरते, आणि मुरघासात माती किंवा मेलेला उंदीर गेला असेल तर बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. गाईपेक्षा घोडा या विषाला फार लवकर बळी पडतो. गाईनं खाल्लं आणि काही झालं नाही, हा पुरावा घोड्यासाठी कामाचा नाही.

आता मूळ दुखण्याकडे. उसाच्या वाढ्यात, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यात, आणि संकरित हत्तीगवतात ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते आतड्यात कॅल्शियमला पकडतं आणि दोघांचं मिळून न विरघळणारं क्षार बनतं, ते लिदीवाटे बाहेर पडतं. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू ऑक्झॅलेट बरंचसं फोडून टाकतात. घोड्याला ते पोटच नाही. म्हणून तीच पेंढी गाईला मानवते आणि घोडीला आतून पोखरते. त्यावर तुम्ही रोज तीन किलो गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, घालता. घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं लागतं. भुशात नेमकं उलट असतं, फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. एकीकडून वाढ्यानं कॅल्शियम अडवलं आणि दुसरीकडून भुशानं फॉस्फरस ओतला. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते उचलतात. चेहऱ्याची आणि जबड्याची हाडं आधी पोकळ होतात, त्या जागी मऊ तंतूंची गाठ भरते, म्हणून तोंड फुगलेलं दिसतं. दातांच्या खोबणी सैल होतात, म्हणून चावताना दुखतं. सांध्याजवळ स्नायूबंध जिथं हाडाला चिकटलेले असतात तिथं ओढ बसली की कळ येते, म्हणून आज हा पाय, उद्या तो. पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना पूर्वी हाच रोग व्हायचा, कारण त्यांना भुसाच मिळायचा. जगभर याला ‘बिग हेड’ म्हणतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. त्यांना पहिल्या वाक्यात सांगा की पाच महिने वाढं, हत्तीगवत आणि भुसा चालू होता. ही गोष्ट शेवटी सांगितली तर तपास खुरात आणि सांध्यात अडकतो. एक महत्त्वाचं : रक्तातलं कॅल्शियम तपासून ते बरोबर आलं तर निर्धास्त होऊ नका. शरीर हाडं विकून रक्तातली पातळी राखत असतं. लघवीतून फॉस्फरस किती जातोय हे रक्ताबरोबर तपासलं तर चित्र खरं दिसतं. एक्स-रेमध्ये फरक दिसायला हाडांतला तिसरा हिस्सा खनिज जावं लागतं, त्यामुळे एक्स-रे साफ आला तरी आजार नाही असं ठरत नाही. मोठ्या तपासणीची गरज पडली तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच भागात आहे, डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा.

दातही त्याच वेळी बघून घ्या. घोड्याचे कडेचे पुढचे दात साडेचार वर्षांच्या सुमाराला बदलतात, दाढाही याच वयात बदलत असतात. वय खरंच चार असेल तर घास गाळण्याचा काही भाग हलणाऱ्या दुधाच्या दाढेचा असू शकतो. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या असतील तर कानशीनं घासून द्याव्या लागतात. हे काम तोंड उघडं ठेवण्याचं साधन असलेल्या डॉक्टरांनीच करायचं.

आता काय खायला घालायचं ते. तुम्ही मापं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880 : 160 × 160 × 145 ÷ 11,880, म्हणजे घोडी साधारण 312 किलोची आहे. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा हवा, दीड टक्क्याच्या खाली कधीच नको. तुमच्या घोडीचा हिशेब सहा किलोच्या थोडा वर जातो. तो असा भरा : शाळूच्या कडब्याची कुट्टी 3 किलो, वाळलेलं मारवेल किंवा डोंगरी गवत पावणेतीन किलो, आणि ओला लसूणघास 5 ते 6 किलो. लसूणघासात पाण्याचा भाग मोठा, त्यामुळे कोरडा चारा त्यातून किलोभरच मिळतो, पण त्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या चारपट किंवा त्याहून जास्त असतं. या घोडीला हाच चारा औषधासारखा आहे. कापल्यावर चार-पाच तास सुकवून द्या, ओलाकच्च दिल्यास पोटात वायू धरतो.

गवत घेताना कुसळं पाहा. कुसळ सुटलेलं गवत हिरड्यांत, जिभेखाली रुततं, आणि आधीच चघळायला कुरकुरणारी घोडी उपाशी राहते. कुट्टी दीड-दोन इंचांची ठेवा. गाईंसाठी करतो तशी बारीक केली तर घोडी न चावता गिळते आणि आतड्यात गोळा बसतो. कडबा वाळलेलाच हवा. हिरवी ज्वारी घोड्याला मुळीच नको. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. घोड्यात मात्र पोटऱ्यावर आलेल्या हिरव्या ज्वारीनंही मूत्राशय आणि पाठीचा कणा बिघडतो, मागचे पाय फेंगडतात, लघवी थेंबथेंब गळते. बुरशी आलेला कडबा झटकून, उन्हात घालूनही देऊ नका. बुरशी धरलेला मका तर घोड्याचा मेंदूच नासवतो.

चंदी, म्हणजे दाणा, सध्या थोडीच पुरे : भरडलेले सातू किंवा ओट एक किलो आणि रात्रभर भिजवलेला हरभरा अर्धा किलो, हे सकाळ-संध्याकाळ वाटून. धान्यातही फॉस्फरसच जास्त असतो, त्यामुळे अंग धरावं म्हणून चंदी वाढवायचा मोह होईल तो टाळा. वजन वाढवायचं तर रोज 100 मिली गोडं तेल चंदीत घाला, 20 मिलीपासून सुरू करून दहा-बारा दिवसांत तिथवर न्या. मीठ 30 ग्रॅम. पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर, या उन्हात त्याहूनही जास्त, आणि बादली कायम भरलेली.

वैरणीत बदल एकदम करू नका. पेंड आणि मुरघास सोडून बाकीचं दर तीन दिवसांनी चौथा हिस्सा बदला, बारा दिवसांत पूर्ण. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात, त्यांना एकदम नवा चारा दिला की पोटशूळ उठतो. भुसा मात्र या बारा दिवसांतच शून्यावर आणा. दिवसाचा चारा चार वेळा वाटा, त्यातला मोठा वाटा रात्रीचा. घोड्याचं पोट लहान असतं आणि त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं. गव्हाण आठ-दहा तास रिकामी राहिली की पोटात व्रण पडतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडी चावते त्यामागे हाडाइतकाच हा व्रणही असू शकतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

चुनखडीच्या भुकटीबद्दल : खाद्यासाठीची कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिळते, तिच्यात सुमारे 38 टक्के कॅल्शियम असतं. 312 किलोच्या घोडीची साधी रोजची गरज 12-13 ग्रॅम कॅल्शियमची आहे, पण हाडं भरून काढायला त्याहून बरंच जास्त लागतं. दिवसाला 50 ग्रॅम भुकटीनं 19 ग्रॅम मिळतं. सुरुवात साधारण तेवढ्यापासून होते, नेमका आकडा तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील. गुळाच्या पाण्यात कालवून चंदीवर घाला, नाहीतर तळाशी राहते. पानाचा चुना किंवा कळीचा चुना वापरू नका, तोंड आणि अन्ननलिका भाजते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून गाईंना देतात, तो उपाय घोडीच्या बाबतीत धरू नका. वाढं आणि हत्तीगवत तिला बंदच.

एवढं नीट झालं तर लंगडणं महिना-दीड महिन्यात कमी होऊ लागतं. हाडं पुन्हा भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. चेहऱ्याची फुगवट पूर्ण जाईलच असं नाही, तिचं वाईट वाटून घेऊ नका. या काळात तिला दावणीला ठाणबंदही करू नका. रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटं मऊ मातीच्या बांधावरून म्होरकी धरून सावकाश चालवा. डांबरावर नाही. दौड, लंब्या दोरीवर गोल फिरवणं, उड्या, सगळं बंद. ठिसूळ झालेलं हाड साध्या घसरण्यानं मोडतं, आणि घोड्याचं मोडलेलं पायाचं हाड सहसा सांधत नाही. तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला याचीच काळजी जास्त वाटते.

गोठ्याबद्दल दोन गोष्टी, आणि पहिली अतिशय तातडीची. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध फवारत असाल तर घोडीला त्यातलं थेंबभरही लागू देऊ नका, फवारणीच्या वेळी तिला गोठ्याबाहेर काढा. अमिट्राझनं घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबते आणि लीद आत दगडासारखी बसते. तिचे गोचीड हातानं काढा, औषध डॉक्टरांना विचारून. दुसरं, तिला 12 फूट बाय 12 फुटांची वेगळी जागा करा, जिथून गाईंच्या गव्हाणीत तोंड पोहोचणार नाही. गाई नजरेसमोर असू द्या, एकटा घोडा बेचैन राहतो. खाली कोबा असेल तर ठोकलेला मुरूम किंवा गोठ्यातली रबरी मॅट, वर भाताचा पेंढा. खुरं रोज साफ करा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या चिरांतून काळा, घाण वास येणारा चिकटा निघाला तर जागा ओली राहतेय असं समजा. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवायचं, पाय लंगडत असताना नव्यानं नाल ठोकून घेऊ नका.

बदलत्या चाऱ्याच्या दिवसांत शुळावर नजर ठेवा. पायानं माती उकरणं, वळून कुशीकडे बघणं, पुन्हा पुन्हा बसणं-लोळणं, लीद न टाकणं. जबड्याच्या आतल्या कडेला बोट लावून नाडी मोजायला आजच शिका, निरोगी घोडीची मिनिटाला 28 ते 44. साठच्या वर गेली, हिरड्या फिक्या किंवा जांभळट दिसल्या, तर डॉक्टरांना ताबडतोब. चारा काढून घ्या, बादली राहू द्या. बाटलीनं किंवा नळ्यानं तेल पाजू नका. म्हशीला पाजतात तसं घोड्याला पाजलं की ते फुप्फुसात जातं. आणि घोड्याला उलटी होत नाही, पोटात फार दाटलं तर ते आतच फुटतं. पोट मोकळं करायची नळी डॉक्टरच नाकातून घालू शकतात.

यात्रेतून आणलेल्या घोडीचं रक्त ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी तपासलं नसेल तर याच भेटीत नमुना द्या, या तपासण्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतात. 2006-07 मध्ये पुण्यात आणि आपल्या पाचगणीत हा रोग सापडला होता, आणि तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट पू किंवा पायाच्या आतल्या अंगाला फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर उघड्या हातांनी तिला हात लावू नका. धनुर्वाताची लस चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा, मग दरवर्षी. रेबीजचीही घ्या.

नदीकाठ म्हणालात म्हणून आणखी एक. 2019 आणि 2021 चा महापूर तुम्ही पाहिलाय. घोडीला एका ओढीत सुटणाऱ्या गाठीनंच बांधा आणि ती गाठ घरातल्या सगळ्यांना, मुलीलाही, अंधारात सोडता आली पाहिजे. वरच्या माळावर नेण्याची जागा पावसाआधी ठरवा, आणि टेंपोच्या फळीवर चढायची सवय चंदी दाखवून आत्ताच लावा.

आता मुलीचा प्रश्न. घोड्यावर खोगिरासकट एकूण भार त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. 312 किलोला तो 62 किलो येतो. मुलगी 46 आणि खोगीर सात-आठ किलो, म्हणजे ती बसेल. तुम्ही 82 किलोचे, तुम्ही या घोडीवर कधीच बसू नये, बरी झाल्यावरही. लंगडणं पूर्ण थांबून महिना उलटला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मुलीनं दहा मिनिटं नुसत्या कदम चालीनं सुरुवात करावी, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. अर्ध्या तासावर आल्यावर दोन-तीन मिनिटांची दुडकी. खोगीर ठेवल्यावर खांद्यामागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. तंग एकदम आवळू नका. आधी सैल बांधा, चार पावलं चालवा, मग एक भोक, पुन्हा चार पावलं, मग दुसरं. शेवटी तंगाखाली सपाट दोन बोटं जावीत. लगाम साधा, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेला, ओठाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती पडेल इतकाच वर. तोवर मुलीकडे खराऱ्याचं काम द्या. रोज खरारा करणाऱ्या हाताला घोडीच्या अंगात कुठं हात लावला की ती आखडते ते सगळ्यांत आधी कळतं, आणि ते तिनं वहीत तारीखवार लिहून ठेवलं तर डॉक्टरांना पुढच्या भेटीत फार उपयोग होईल.